हॅक झालं म्हणे!

अँथनी वीनर, अमेरिकी काँग्रेसमधला न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट सदस्य, 2011 मध्ये आपलं ट्विटर अकाउंट हॅक झालं म्हणाला. ते खरंच हॅक झालं असू शकतं, संशयाचा फायदा द्यायला हवा, असं कुणी म्हणेल; तत्त्व म्हणून ठीक. पण त्याचं वागणं बघा ना. मे 2011 मध्ये खासगी निरोपात पाठवायचा चड्डीतला फोटो ट्विटरवर जाहीर पडला, काही मिनिटांत उडवला, आणि वर विनोद की आता मिक्सरही माझ्यावर हल्ला करणार का! अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याचं अकाउंट फोडणं हा गंभीर गुन्हा. खरंच तसं झालं असतं तर त्यानं आधी पोलिसांत धाव घेतली असती. यानं गाठला वकील. तक्रार नाहीच. मग मुलाखतीत ‘फोटो माझा नाही असं खात्रीनं सांगू शकत नाही’. अहो, स्वतःची चड्डी ओळखता येईना? (मला तर तिथेच खात्री पटली.) 6 जूनला रडत कबुली, 16 जूनला राजीनाम्याची घोषणा.

नुसत्या फोटोवर कदाचित निभावलंही असतं. पण दहा दिवस खोटं बोलून त्यानं आपल्या बाजूनं बोलणाऱ्या डेमोक्रॅट सहकाऱ्यांनाही तोंडघशी पाडलं. सप्टेंबरच्या पोटनिवडणुकीत ती न्यूयॉर्कची जागा चक्क रिपब्लिकन बॉब टर्नरकडे गेली.