मदत हवी आहे: डिझेल क्रेटा घ्यावी की हॅरियर?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आईचे गुडघे दुखतात. हॅरियरमध्ये चढताना तिने दाराची कड घट्ट धरली, तरी पाय दोनदा खाली आला. क्रेटात मात्र सहज बसली. मला स्वतःला हॅरियरच आवडली. १९५६ सीसी, १७० पीएस, पुणे हायवेला दम लागणार नाही. पण रुंदी १९२२ मिमी, क्रेटाची १७९०, आणि आमचा बोळ अरुंद.

खरी काळजी डीपीएफची, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. रोजचं शाळा-बाजार जेमतेम सहा किलोमीटर, लांब म्हणजे महिन्यातून एकदा तुळजापूर नाहीतर पंढरपूर. एवढ्यावर फिल्टरमधली काजळी नीट जळते का? आणि आपल्या उन्हाळ्यात मागच्या सीटला एसी पुरतो का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, पाडव्याच्या आत बुकिंग करायचंय.