अडीच मीटरच्या ग्लायडरसाठी घरी कार्बनचा विंग रॉड: कसा करावा?

वाऱ्यावरचा:
रेडिओवर चालणारं मॉडेल ग्लायडर अडीच मीटर पंखविस्ताराचं, वजन २ किलो. फोमचे दोन्ही पंख ८ मिमीच्या भरीव ॲल्युमिनियम रॉडवर जोडले जातात. साताऱ्याजवळच्या डोंगरावर पश्चिमेचा वारा जोरात होता, डाइव्हमधून वर खेचलं आणि रॉड वाकला. पंख शाबूत आहेत. १२के कार्बन रोव्हिंगचं (बारा हजार बारीक कार्बन तंतूंच्या सलग पट्टीचं) रीळ घरात आहे. त्याचाच ८ मिमीचा सरळ रॉड करता येईल का?

उतारकाका:
येईल, पण ८ चा करू नका, १० चा करा. हिशोब सांगतो. जोरात खेचल्यावर १० जी (वजनाच्या दहापट भार) धरले, तर एका पंखावर साधारण १०० न्यूटन येतात. हा भार मुळापासून सुमारे ५३ सेंमीवर एकवटला आहे असं माना, म्हणजे रॉडवर ५३ न्यूटन-मीटर. (पंखाचं स्वतःचं वजन वजा केलेलं नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी.) ८ मिमीच्या रॉडच्या कडेला यातून हजारच्या वर मेगापास्कल ताण येतो. चांगलं ६०६१-टी६ ॲल्युमिनियमसुद्धा पावणेतीनशेच्या आसपास वाकतं, तुमचा रॉड वाकणारच होता. १० मिमीला तोच ताण ५४० वर येतो. ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून दोन मिलिमीटरनेच रॉड जवळपास दुप्पट मजबूत होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंख वर उचलले जातात तेव्हा रॉडची वरची बाजू दाबली जाते, आणि हाताने केलेला कार्बन रॉड बहुतेक वेळा त्याच बाजूने जातो. ओढीला कार्बन अफाट आहे. दाबाला मात्र तंतू सरळ असतील तरच टिकतो. जरा लहरदार राहिलेला तंतू तिथेच दुमडतो. म्हणून रेझिन (तंतू एकत्र धरणारं इपॉक्सी) सेट होईपर्यंत तंतू ताणलेले राहिलेच पाहिजेत.

मी असं करतो: फळीवर अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन जाड खिळे, त्यांभोवती रोव्हिंगचे ४५ वेढे, म्हणजे ९० पदर. कार्बन जेमतेम ३६ ग्रॅम लागतो. रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१, वजनाने १०० ला १०, काट्यावर मोजून. अंदाजाने ओतायचं नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे चालणारच नाही, तंतूंच्या आत मुरायच्या आधीच ते घट्ट होतं. पदर पूर्ण भिजले की जुडी हीट-श्रिंक नळीत (गरम केल्यावर आवळणाऱ्या) ओवा, वरचं टोक हुकाला अडकवा, खालच्या टोकाला पाण्याची बादली टांगा. हीट गन खालून वर न्या, जास्तीचं रेझिन आणि हवा वरून बाहेर येते. एका जागी गन धरून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी नळी सोलून रॉड ड्रिलमध्ये धरा आणि ओल्या वॉटर पेपरने गोल करा. कोरडं घासायचं नाही. मास्क, हातमोजे, चष्मा हवेतच.

फोमकटर:
काकांचा रॉड टिकेल, पण मग भार पंखाच्या मुळाशी जाईल. सॉकेट (रॉड ज्यात बसतो ती पंखातली नळी) नुसतं फोममध्ये चिकटवलेलं असेल तर पंख चिरेल. सॉकेट स्पारच्या (पंखातल्या मुख्य आडव्या कण्याच्या) दोन पट्ट्यांमध्ये बसवा आणि मुळाशी वरून केव्हलारच्या दोऱ्याने घट्ट वेढा. हाताने केलेला रॉड अगदी १० मिमी भरत नाही, म्हणून विकतची नळी शोधत बसू नका. चिकटू नये म्हणून रॉडला वॅक्सचे चार-पाच हात द्या, त्यावरच रेझिनमध्ये भिजवलेलं ग्लास कापड (काचतंतूंचं) गुंडाळून सॉकेट करा. मापात बसतं.

वाऱ्यावरचा:
उडवायच्या आधी तपासू कसा? आणि कार उन्हात उभी असते, रॉड मऊ पडेल का?

उतारकाका:
३० सेंमी अंतरावर दोन विटा ठेवा, त्यांवर रॉड आडवा, मधोमध लाकडाचा खाचा केलेला तुकडा. त्यावर ७२ किलो भार आला की बरोबर ते ५३ न्यूटन-मीटर होतात. मोठ्या माणसाने भिंतीचा आधार घेत हळूहळू पूर्ण वजन टाकलं की झालं. करकर आवाज आला तर तो रॉड बाद. याच जुडीचा उरलेला तुकडा मुद्दाम मोडून बघा, कुठून तुटतो ते कळतं.

उन्हाबद्दल शंका रास्त आहे. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी बंद कारमध्ये नरम पडू शकतं. सेट झाल्यावर काही तास ६० अंशांत ठेवा, बल्ब लावलेला पुठ्ठ्याचा खोका पुरतो, आत थर्मामीटर मात्र हवा आणि बल्बजवळ पुठ्ठा नको.

एक राहिलं. कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो. रिसीव्हर रॉडजवळ असेल तर दोन्ही अँटेना रॉडपासून लांब न्या, एकमेकींशी काटकोनात लावा, आणि पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर रेंज चेक करा.