मदत हवी आहे : लाजाळूच्या अंधारातील प्रयोगाची आखणी

नमस्कार. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी मी वनस्पतींच्या दैनंदिन लयीच्या आरंभीच्या संशोधनावर एक टिपण तयार करीत आहे आणि त्यासोबत मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा, असा विचार आहे.

१७२९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूसारखे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. गंमत म्हणजे, त्यांनी याचा संबंध अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना दिवसरात्रीची जाणीव होण्याशी जोडला. रोपातच घड्याळ असावे, असा दावा केला नाही. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युआमेल द्यु मोन्सो यांनी तळघरात प्रयोग करून तापमानातील बदल हे कारण नसल्याचे दाखवले. मला सर्वांत निर्णायक वाटते ते स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांचे १८३२ मधील निरीक्षण : सतत प्रकाशात लाजाळूचे चक्र २४ नव्हे, तर सुमारे २२ ते २३ तासांचे होते. लय बाहेरच्या दिवसरात्रीवर चालत असती, तर ती अशी रोज एक-दोन तास आधी सरकली नसती.

अडचण अशी की, अंधारातील रोप पाहायला दिवा लावला, तर तोच प्रकाश लयीवर परिणाम करू शकतो; शिवाय लाजाळू नुसत्या धक्क्यानेही मिटते. ज्यांनी असा प्रयोग केला आहे, त्यांनी निरीक्षणाची पद्धत सुचवावी. लाजाळूऐवजी चिंचेचे रोप घेतल्यास चालेल का?