माल्टाला स्पिटफायर उशिरा मिळाली, दोष कोणाचा?

दर्यावर्दी:
दुसऱ्या महायुद्धात, १९४१ चा अख्खा उन्हाळा ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडची स्पिटफायर लढाऊ विमानं जर्मनव्याप्त फ्रान्सवर घिरट्या घालत होती. शेकडो वैमानिक गेले, जर्मनांचं फारसं बिघडलं नाही. तेव्हा भूमध्य समुद्रातलं ब्रिटिशांचं बेट माल्टा थकलेल्या हरिकेन विमानांवर लढत होतं. पहिली १५ स्पिटफायर तिथे उतरली ७ मार्च १९४२ ला! ज्या बेटावरून उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलची रसद तोडता येत होती, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. निव्वळ करंटेपणा.

तर्कटराव:
असहमत. फायटर पाठवणं म्हणजे कुरियर नव्हे. विमानवाहू जहाजावरून उडून सहाशेच्या वर मैल समुद्र ओलांडायचा. नोव्हेंबर १९४० मध्ये 'आर्गस' या जहाजावरून १२ हरिकेन सोडली, ८ इंधन संपून बुडाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये 'ईगल' जहाज स्पिटफायर घेऊन निघालं, पण जादा इंधनटाक्या नीट चालेनात म्हणून परतलं. शिवाय १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सिसिलीतून बहुतांशी निघून गेले होते. उरलेल्या इटालियनांशी लढायला हरिकेन पुरत होती.

दर्यावर्दी:
आणि त्याआधी? १९४१ च्या सुरुवातीला जर्मन वैमानिक म्युन्शेबर्गच्या एकट्या तुकडीने माल्टाची हरिकेन टिपली, स्वतःचं एकही विमान न गमावता. जर्मन परतले की काय होणार, हे दिसलंच होतं की. टाक्यांचं म्हणाल तर त्या आधी का तपासल्या नाहीत?

मुंजाबा:
दोघेही आकड्यांत अडकलात. २० एप्रिल १९४२ ला अमेरिकन विमानवाहू 'वास्प'वरून ४६ स्पिटफायर पोचली. जर्मनांनी ती जमिनीवरच गाठली. दोन-तीन दिवसांत उडण्याजोगी मोजकीच उरली. ९ मे ला साठेक आली तेव्हा प्रत्येक विमानाचा आडोसा आधीच ठरलेला, पेट्रोलचे डबे आणि गोळ्या हाताशी, माल्टात मुरलेला वैमानिक शेजारी उभा. काही विमानं तर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा हवेत! दुसऱ्या दिवशी जर्मनांना जबर फटका बसला. एप्रिलची विमानं लंडनने नव्हे, बेटावरच्या ढिसाळपणाने घालवली.

तर्कटराव:
+१. आणि माल्टावरच अन्याय झाला म्हणता, तर सिंगापूरचं काय? तिथे जपान्यांपुढे कमी पडणाऱ्या बफेलो विमानांवर भागवलं. ५१ हरिकेन खोक्यांत बंद होऊन पोचली १३ जानेवारी १९४२ ला. १५ फेब्रुवारीला ब्रिटिशांची जपान्यांपुढे शरणागती, हजारो हिंदी सैनिक कैदेत.

दर्यावर्दी:
म्हणजे माझाच मुद्दा! दोन बेटं उपाशी, आणि घरात, ब्रिटनमध्ये, सत्तरच्या वर फायटर स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या).

तर्कटराव:
जून १९४१ मध्ये रशिया टिकेल असं लंडनमध्ये किती जणांना वाटत होतं? तो कोसळला असता तर हिटलर पुन्हा इंग्लिश खाडीवर आला असता. तेव्हा त्या स्क्वाड्रन माल्टाला देऊन टाकणाऱ्याला तुम्हीच फाडून खाल्लं असतं.