मदत हवी आहे : गोणपाटावरील चित्रात जुने, विरलेले कापड कसे शिवावे?

चिलीमध्ये १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर ज्यांची माणसे पकडून नेली गेली आणि परत आलीच नाहीत, अशा सांतियागोतील स्त्रियांनी गोणपाटावर चिंध्या शिवून केलेल्या ‘आर्पियेरा’ या चित्रांचा मी काही महिन्यांपासून अभ्यास करत आहे. वर अँडीजची डोंगररांग, खाली घरे आणि ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरून उभ्या असलेल्या बोटभर उंचीच्या बाहुल्या. त्या स्त्रिया चित्रकार नव्हत्या. चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून त्या शिवत आणि ही चित्रे गुपचूप परदेशी पोहोचत. काहींमध्ये बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा असे, हे कळल्यापासून त्या टाक्यांकडे मला नुसती कलाकुसर म्हणून पाहताच येत नाही.

त्यांच्या धैर्याला आदरांजली म्हणून मी याच पद्धतीने एक चित्र शिवत आहे. त्यासाठी घेतलेला सुती सदरा इतका विरला आहे, की गोणपाटाच्या जाड विणीतून सुई ओढताच कापड टाक्याच्या रेषेत फाटते. मागे मलमलीचे अस्तर लावावे की कडा दुमडून ब्लँकेट टाका घालावा? तसेच, बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर भाव भरताच त्या केविलवाण्या दिसू लागतात, आणि ते मला मुळीच नको आहे. चेहरे कोरे ठेवणे योग्य ठरेल का? ज्यांनी गोधडी किंवा कापडचित्रे स्वतः केली आहेत, त्यांनी कृपया अनुभवातून सांगावे.