रेडिएटरच्या पंख्याचा स्विच ७५ अंशांवर ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही

लोखंडी ब्लॉक:
इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून मी माझ्या जुन्या गाडीत इलेक्ट्रिक पंखा बसवला. स्विच घुंडीचा आहे. त्याचा प्रोब (तापमान ओळखणारी कांडी) इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमध्ये, म्हणजे नळीत असतो आणि पंखा किती तापमानाला लागावा ते घुंडी फिरवून ठरवता येतं. जो तो सांगतो, "७५ वर ठेव आणि निर्धास्त राहा." मला हे साफ चुकीचं वाटतं.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. माझ्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं आहे. ८२ ला तो उघडायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश लागतात. वरच्या होजमधलं पाणी इंजिनातून तापून आलेलं असतं, त्यामुळे इंजिन एकदा गरम झालं की तिथे ८२ च्या खाली पाणी येतच नाही. पंखा ७५ ला लागला, तर गाडी बंद करेपर्यंत तो थांबायचाच नाही. मग स्विच कशाला हवा? तार सरळ इग्निशनला जोडावी.

इंजिन किमान किती गरम असावं ते थर्मोस्टॅट बघतो. गाडी उभी असताना ते किती तापू द्यायचं, एवढंच पंख्याचं काम. म्हणून मी ९२ ला चालू आणि ८७ च्या आसपास बंद धरून चाललोय.

कार्ब्युरेटर:
असहमत. ९२ हा आकडा नव्या गाड्यांतून आलाय. त्यांच्या रेडिएटरच्या झाकणाचा दाब साधारण १ बार असतो, म्हणजे साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. आपल्या जुन्या गाड्यांत कित्येकदा ७ पौंड दाबाचं (साधारण अर्धा बार) झाकण असतं. तिथे ११२ ला खेळ संपला. त्यात ब्लॉकच्या आत वर्षानुवर्षांचा क्षार बसलेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी धातू होजमधल्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम. काटा ९५ दाखवतो तेव्हा आत कुठेतरी वाफेचे बुडबुडे सुटायला लागलेले असू शकतात.

आणि पेट्रोलचं काय? इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि साठलेली उष्णता वर कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जाते, तिथलं पेट्रोल उकळतं. चढावर पाच मिनिटं थांबलो आणि गाडी परत सुरूच होईना, हे मी सोसलंय. तेव्हापासून माझा पंखा ८४ ला लागतो. जास्त वेळ फिरतो, फिरू दे. इंजिनापेक्षा पंख्याची मोटर स्वस्त.

दोन तारा:
मोटर स्वस्त असेल, पण करंट कुठून आणणार? गाडीत वीज बनवायला अल्टरनेटर असेल तर माझं म्हणणं सोडून द्या. त्याच्या जागी जुना डायनॅमो असणाऱ्यांनी मात्र हिशोब मांडावा. लुकासचा सी ४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन वेगात असताना. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) जवळजवळ काहीच नाही. पंख्याला १० धरा, दिव्यांना तेवढेच, वर इग्निशन. गाडी उभी असते, पंख्याची खरी गरज तेव्हाच असते, आणि नेमकं तेव्हा सगळं बॅटरीतून जातं. गाडी वेगात असताना रेडिएटरला समोरून भरपूर वारा मिळतो, तिथे पंखा फिरवून काय मिळवलं?

शिवाय पंखा लवकर लावल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. तो निम्मा तुंबलेला असेल तर ८४ ला लावा नाहीतर ९२ ला, काटा चढून शेवटी तिथेच पोचणार.

कार्ब्युरेटर:
पोचणार, पण उशिरा! मला तेवढंच हवंय. उभं राहणं दहा मिनिटांचं असतं, तासाभराचं नव्हे. ८४ पासून सुरुवात केली तर हाताशी आठ अंश जास्त असतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात रस्ता मोकळा होतो. बॅटरीचा मुद्दा मान्य, माझ्याकडे अल्टरनेटर आहे.

खालची टाकी:
स्विच कुठे बसवलाय ते बघितल्याशिवाय आकड्यांची तुलना करू नका. माझा रेडिएटरच्या खालच्या टाकीत आहे, म्हणजे पाणी थंड होऊन बाहेर पडतं तिथे. तिथे ९२ म्हणजे वरच्या होजमध्ये शंभर किंवा त्याहून जास्त. म्हणून खाली बसवताना मी ८८/८३ चा (८८ ला चालू, ८३ ला बंद) घेतला. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला कारखान्यातूनच इलेक्ट्रिक पंखा होता, आणि त्याचा स्विच वर हेडर टँकमध्ये (वरच्या पाण्याच्या टाकीत). तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते: पाणी कमी झालं की स्विच हवेत लटकतो आणि उकळी फुटली तरी त्याला कळत नाही.

आणखी एक. एका तारेचा स्विच असेल तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचं अर्थिंग (विजेची परतीची वाट) रेडिएटरच्या धातूतून मिळतं, ते तुटलं की पंखा लागतच नाही. यात माझा एक रविवार गेलाय.

लोखंडी ब्लॉक:
काल घुंडीचा स्विच काढून पातेल्यात तपासला. पाणी तापत ठेवलं, प्रोब तळाला टेकणार नाही असा बुडवला, मल्टिमीटर लावला. घुंडी ९० च्या खुणेवर असताना तो ९७ ला जुळला आणि ८९ ला तुटला. म्हणजे खुणेवर विश्वास ठेवून मी ९२ लावलं असतं, तर पंखा शंभरीच्या आसपास लागला असता. कार्ब्युरेटर, तुमची भीती इथे खरी ठरली. आता तो ९० ला जुळेल असा लावलाय आणि मोटरचा भार रिलेवर (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) टाकलाय. पण थर्मोस्टॅटच्या खाली नेणार नाही. तुमचा ८४ ला लागतो म्हणता, तो कधी बंद होतो का?

कार्ब्युरेटर:
होतो. रस्त्यावर वेग घेतला की दोन मिनिटांत. माझा थर्मोस्टॅट ७४ चा आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

लोखंडी ब्लॉक:
म्हणजे तुमचा पंखासुद्धा थर्मोस्टॅटच्या दहा अंश वरच लागतो! मग आपला वाद स्विचचा नाहीच, ७४ चा आहे. आणि तिथे मी अजिबात मागे हटणार नाही. इतक्या थंड इंजिनात छोट्या फेऱ्या मारल्या की तेलातलं पाणी उडत नाही. तेल भरायच्या झाकणाला आतून पांढरट साय धरते का, ते एकदा उघडून बघा.

कार्ब्युरेटर:
थंडीत धरते. तेव्हा मी ८२ चा घालतो आणि पंखा ९० वर नेतो. उन्हाळ्यात ७४ च राहणार.