लुईस गॉम्पर्ट्झ: प्राणिदया चळवळीचा आधार की अडसर?

कानामात्रा:
प्राणिहक्कवाले हल्ली लुईस गॉम्पर्ट्झला (मृत्यू १८६१) फार डोक्यावर घेतात. लंडनच्या ज्यू हिरेव्यापाऱ्याचा हा मुलगा मांस, दूध, अंडी काहीच खात नसे, घोड्याला त्रास नको म्हणून बग्गीतही बसत नसे. माणूस म्हणून मोठा, कबूल. पण १८२४ साली निघालेल्या प्राणिरक्षण संस्थेला असा सचिव परवडतो का? तेव्हाचं लंडन घोड्यावर चालायचं. ज्या गाडीवानाला ‘चाबूक जपून’ सांगायचं, त्याला ‘घोडाच सोड’ म्हटलं तर तो पहिलंही कानाआड करणार.

निवडुंग:
जरा तारखा बघा. संस्था काढणारे पाद्री आर्थर ब्रूम संस्थेच्याच कर्जापायी १८२६ मध्ये तुरुंगात गेले. त्या पडत्या काळात सचिवपद घेतलं गॉम्पर्ट्झनं.

आणि संस्थेचं हत्यार शाकाहार नव्हतं, गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १८२२ चा मार्टिनचा कायदा होता. दंड १० शिलिंग ते ५ पौंड, न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. घोडा, खेचर, गाय, मेंढी त्यात आली, कुत्रं-मांजर नाही. वळूचा उल्लेख नाही म्हणून वळूवर कुत्री सोडायच्या झुंजीही सुटल्या, त्या १८३५ च्या कायद्यानं बंद झाल्या. खरी मेख अंमलबजावणीत: मारहाण पाहून कोणीतरी मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करायला हवी. लंडनचं नवं पोलीसदल आलं १८२९ ला. तोवर स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजारात पगारी माणसं ठेवणं आलं. ब्रूमनी सुरुवातीला ती पदरमोड करून ठेवली होती.

कानामात्रा:
मग त्याचं संस्थेच्या समितीशी बिनसलं कशावरून? पायथागोरसपंथी, म्हणजे शाकाहारी, हाच ठपका होता ना?

निवडुंग:
ठपका होता, पण १८३२ चा ठराव वाचा: काम केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर चालेल. ज्यू सचिवानं तिथे राहायचं कसं? १८३३ मध्ये त्यानं ‘ॲनिमल्स फ्रेंड सोसायटी’ काढली आणि १८४६ मध्ये तब्येतीनं दगा देईपर्यंत चालवली.

लेथवाला:
दोघंही त्याचं यंत्रकाम विसरताय. घोडा नको म्हणणारा हा माणूस पर्याय शोधत होता. जर्मन संशोधक ड्राइसची दुचाकी पायांनी जमीन रेटत चालायची. १८२१ मध्ये गॉम्पर्ट्झनं हँडलला दातेरी कमान जोडली आणि ती पुढच्या चाकाच्या आसावरच्या छोट्या दातेरी चाकात अडकवली. हँडल छातीकडे ओढलं की चाक फिरायचं.

गोची बघा: ज्या हँडलनं ओढायचं त्यानंच वळवायचं. दोन्ही हातांचा जोर सारखा पडला नाही की चाक तिरपं जाणार. शिवाय पायांपुढे हातांची ताकद ती किती! बग्गी काही हटली नाही. लेथवर, म्हणजे वस्तू फिरवून कातायच्या यंत्रावर, वेगवेगळ्या व्यासाचा जॉब (कातायची वस्तू) पकडणारा चक मात्र त्याच्या नावावर सांगतात.

कानामात्रा:
चक राहू द्या. त्याची संस्था पुढे विरून गेली, १८२४ च्या जुनीला १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियानं ‘रॉयल’ हा किताब दिला. जुळवून घेणारेच टिकले.

निवडुंग:
टिकले, पण १८२६ ला दारं बंद झाली असती तर राणीनं किताब कोणाला दिला असता? आणि ज्यांनी सचिवाला धर्मावरून बाहेर काढलं, त्यांना जुळवून घेणारे म्हणायचं?